बोट आत वळतंय आणि सरळच होत नाहीये? मालिश करायच्या आधी हे वाचा

करंगळी किंवा तिच्या शेजारचं बोट पूर्ण सरळ होत नाहीये, तळहातावर त्याच बोटाच्या खाली एक टणक गाठ लागतेय, दुखत मात्र काहीच नाही, त्यामुळे हे कधीपासून चालू आहे ते पण नीट सांगता येत नाही. असं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. बहुतेक हे डुपुट्रेन काँट्रॅक्चर नावाचं दुखणं असेल. मला हे दोन्ही हातांना आहे, उजव्याचं ऑपरेशन झालं, डाव्याला अजून कुणी हात लावलेला नाही आणि सध्या मी लावूही देणार नाही, का ते पुढे येईलच. मी डॉक्टर नाही, डायबेटिसवाला एक रिटायर्ड माणूस आहे, पण ह्या प्रकारात घाई कुठे करायची आणि कुठे अजिबात नाही हे जर वेळेत कळलं तर खूप त्रास वाचतो, आणि घरातले, शेजारचे, जिममधले सगळे नेमकं उलटं सांगत असतात, म्हणून लिहितोय.

आधी नक्की काय आहे ते बघा

बोट वाकडं होण्याची कारणं बरीच आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. घरी बसून एवढं करा: दुसऱ्या हाताने ते वाकडं बोट हळूच सरळ करून बघा, जोर लावायचा नाही, फक्त बघायचं.

सकाळी उठल्यावर बोट अडकलेलं असतं, थोडं ओढलं की खट्कन सुटतं, आणि बोटाच्या मुळाशी तळहातावर दाबलं की दुखतं, तर ते बहुतेक ट्रिगर फिंगर. बोट वाकवणारा स्नायूचा दोर ज्या नळीतून जातो ती नळी तिथे अरुंद झालेली असते. डायबेटिसवाल्यांना हे जास्त होतं. एखाद्या स्टिरॉइड इंजेक्शनने किंवा अगदी छोट्या ऑपरेशनने सुटतं, फार टेन्शन घेऊ नका.

दोन्ही हातांची सगळीच बोटं थोडी थोडी कडक झालीयेत, कातडी जाड आणि मेणचट वाटतेय, आणि नमस्कार केला की दोन्ही तळव्यांच्या आणि बोटांच्या मध्ये फट राहते, कितीही दाबलं तरी बोटं एकमेकांना चिकटत नाहीत, तर तो बरीच वर्षं शुगर असलेल्यांचा कडक हात. ह्यात गाठ किंवा दोरी लागत नाही. इथे व्यायामाचा उपयोग होतो आणि शुगर आटोक्यात आणणं हा मुख्य उपाय.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं आहे ते. करंगळी आणि अनामिका वाकडी आहेत पण बोटाच्या मुळाचा सांधा उलट मागे गेलाय आणि फक्त पुढचे सांधे आत वळलेत, निदान सुरुवातीला तरी दुसऱ्या हाताने बोट आरामात सरळ होतं, पण स्वतःच्या ताकदीने होत नाही, त्या बाजूला बधिरपणा आहे, अंगठा आणि पहिलं बोट ह्यांच्यामधला हाताच्या मागच्या बाजूचा मांसल भाग खपाटीला गेलाय. हा प्रकार नसेचा. कोपराला टेबलाची कड लागली की झिणझिण्या येतात ना, तीच नस. ती कोपरापाशी दाबली गेलेली असू शकते, नाहीतर कुष्ठरोग असू शकतो. नाव ऐकून पेज बंद करू नका. महाराष्ट्रात आजही दरवर्षी कुष्ठरोगाचे नवीन पेशंट सापडतात, सगळ्या थरातले, आणि ह्यातले कित्येकजण लाजेपायी किंवा कुणाला सुचलंच नाही म्हणून उशिरा जातात. गरम चहाचा कप धरला आणि भाजलेलं कळलंच नाही, किंवा अंगावर कुठे फिकट चट्टा आहे आणि तिथे स्पर्श कळत नाही, तर आजच्या आज सरकारी दवाखान्यात किंवा त्वचेच्या डॉक्टरकडे जा. औषध फुकट आहे, एमडीटी म्हणतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायचं असतं, चालू केलं की थोड्याच काळात संसर्ग पसरायची भीती राहत नाही. आणि घाई का, तर नस अधू होऊन सहा महिन्यांच्या आत असेल तर स्टिरॉइडच्या गोळ्यांनी ती परत येण्याची चांगली शक्यता असते, नंतर कमी कमी होत जाते. उशीर झालाच असेल तरी बोटं सरळ करणारं ऑपरेशन आहे, वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी दुसरीकडचा चालू स्नायू वळवून असे हात परत चालते करायला सुरुवात केली होती. पण गेलेली संवेदना त्या ऑपरेशनने परत आणता येत नाही, म्हणून घाई.

पॅरालिसिसनंतर मूठ घट्ट झालेली, आमवातात बोटं तिरकी गेलेली, लहान मुलाचा हात मोडल्यावर कुणीतरी घट्ट पट्टी बांधली आणि बोटं आखडली, हे सगळे वेगळे विषय, इथे त्यांच्यात शिरत नाही. फक्त शेवटच्यात मुलाचं बोट सरळ करताना तो ओरडत असेल तर पट्टी तिथल्या तिथे कापा आणि हॉस्पिटल गाठा, तो तासांचा खेळ असतो.

आणि राहिला आमचा प्रकार. बधिरपणा नाही. तळहातावर गाठ, कधी कातडीला खळी पडल्यासारखं, मग गाठीपासून बोटाकडे जाणारी एक ताणलेली दोरी, आणि दुसऱ्या हाताने कितीही सरळ करायला गेलं तरी बोट होत नाही, दोरी फक्त वर उठून दिसते. मूठ मात्र व्यवस्थित मिटते, वस्तू पकडता येते, उघडता येत नाही एवढंच. हेच ते डुपुट्रेन काँट्रॅक्चर. बहुतेक अनामिका आणि करंगळीच पकडतो, शुगरवाल्यांना मधलं बोट पण.

आत काय चाललेलं असतं

सगळे म्हणतात शीर आखडलीय. शीरही नाही आणि नसही नाही. तळहाताच्या कातडीखाली एक चिवट पडदा असतो, कातडी हाडांवर घट्ट बसावी म्हणून, त्यामुळेच आपण काही पकडलं की तळव्याची कातडी सरकत नाही. ह्या आजारात त्या पडद्यातल्या पेशी उगाचच जास्तीचं कोलॅजन, म्हणजे चिवट धागे, बनवायला लागतात आणि वर आकुंचनही पावतात, मग पडद्याची दोरी होते, आणि लेंग्याची नाडी ओढली की कापड गोळा होतं तसं बोट आत ओढलं जातं. बोट वाकवणारा खरा दोर त्याच्या खाली असतो, तो अगदी ठणठणीत असतो.

शिरेचा गैरसमज आपलाच आहे असं समजू नका. १६१४ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या फेलिक्स प्लॅटर नावाच्या डॉक्टरने एका दगडकाम करणाऱ्या गवंड्याच्या अशाच दोन बोटांबद्दल लिहिलं तेव्हा त्यालाही वाटलं होतं की आतला दोर जागेवरून सुटलाय. पॅरिसचा सर्जन डुपुट्रेन ह्याने मेलेल्या माणसाचा हात उघडून बघितला, दोष पडद्यात आहे हे दाखवलं आणि १८३१ मध्ये त्याचं ऑपरेशन आणि त्यावरचं लेक्चर गाजलं, म्हणून त्याचं नाव. त्याच्या आधी इंग्लंडमधल्या एकदोघांना हे कळलेलं होतं, पण नाव ज्याचं गाजलं त्याचं लागलं, नेहमीचंच.

कुणाला होतो? मुळात हा उत्तर युरोपातल्या लोकांचा आजार, घराण्यातून येतो, पुरुषांना जास्त, पन्नाशीनंतर जास्त. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन ह्यांचं १९८९ मध्ये आणि ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर ह्यांचं १९८६ मध्ये ह्याचं ऑपरेशन झालेलं. २०२३ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी दाखवलं की ह्याची शक्यता वाढवणारे काही सगळ्यात जोरदार जनुकीय बदल हजारो वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या निअँडरथल माणसांकडून आलेत. म्हणजे माझ्या अनामिकेत गुहेतला कुणीतरी बसलाय, बायकोला हे फार पटलं. आपल्याकडे त्या मानाने कमी दिसतो, त्यामुळे कोपऱ्यावरच्या डॉक्टरने फारसे पाहिलेले नसतात, त्यांना दोष नाही. आपल्याकडे ज्यांना होतो त्यांच्यात डायबेटिस बऱ्याचदा सापडतो. शिवाय सिगरेट, जास्त दारू, आणि फिटसाठी वर्षानुवर्षं घेतलेल्या फेनोबार्बिटोनसारख्या जुन्या गोळ्या. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टरला विचारायचं. ड्रिलिंग मशीनसारखी हादरे देणारी कामं आयुष्यभर केलेल्यांना जास्त होतो असंही दिसलंय, पण साधं हाताने काम केल्याने होतो का ह्यावर वाद आहेत, म्हणून कीबोर्डला किंवा कणकेला दोष देऊ नका.

एक स्पष्ट सांगतो, शुगर कंट्रोलमध्ये आली म्हणून वळलेलं बोट सरळ होत नाही. तरी ती कंट्रोलमध्ये ठेवायची, कारण उद्या टाके पडले तर जखम भरायची आहे.

मोजत राहा, हे खरं काम आहे

हा आजार कधी दहा वर्षं गाठीवरच थांबतो, कधी वर्षभरात बोट आत ओढतो, कुणालाच आधी सांगता येत नाही. म्हणून रोज बघायचं नाही आणि विसरायचंही नाही. टेबलावर तळहात पालथा ठेवा, पूर्ण सपाट टेकतोय का बघा. टेकतोय तर निवांत राहा. टेबल आणि बोटाच्या मध्ये फट दिसायला लागली, पेन आरपार जातंय, तर आता हँड सर्जनला दाखवायची वेळ झाली. दाखवायची म्हणतोय, ऑपरेशनची नाही.

त्यासोबत दर तीन-चार महिन्यांनी एक फोटो, नेहमी एकाच बाजूने, हात त्याच टेबलाच्या कडेवर, बोट जमेल तेवढं सरळ करून. नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या, बोटाच्या कडेला लावा, मुळाचा सांधा किती अंश वाकलाय आणि मधला सांधा किती ते वेगवेगळं लिहा, तारीख टाका. एक-दोन अंश इकडेतिकडे होणारच. ह्या दोन सांध्यांचा हिशोब वेगळा ठेवायचं कारण असं की मुळाचा सांधा बराच काळ वाकलेला राहिला तरी ऑपरेशनने बहुतेक पूर्ण सरळ होतो, त्याला दम धरवतो, साधारण ३० अंशांपर्यंत गेला की विचार करायचा असं सर्जन लोक धरतात. मधला सांधा मात्र वाईट. तो वाकून राहिला की त्याचे स्वतःचे बंध आखडतात, मग दोरी काढून टाकली तरी सांधा पूर्ण उघडत नाही. मधला सांधा थोडासा जरी वाकायला लागला तरी वेळ न घालवता दाखवायचं. माझ्या उजव्या करंगळीचा मधला सांधा वळायला लागला म्हणून ऑपरेशन केलं, डाव्या हाताला गाठ आहे आणि अनामिकेचा मुळाचा सांधा जेमतेम वाकलाय, म्हणून तो नुसता फोटोत.

काय करू नका

ओढू नका. रोज रात्री बोट मागे ओढून धरायचं, फळीला बांधून झोपायचं, तेल लावून अंगठ्याने गाठ फोडायची, हाडवैद्याकडून कडकड आवाज काढून घ्यायचा, हे सगळे सल्ले मला मिळालेत आणि प्रत्येकाच्या ओळखीत एकजण बरा झालेला असतोच (तो बहुतेक ट्रिगर फिंगरचा असावा). ओढल्याने किंवा चोळल्याने ही दोरी विरघळते असं कुठेही सिद्ध झालेलं नाही, आणि आतल्या पेशी ताणाला उत्तर म्हणून अजून आवळतात अशी शंका घ्यायला जागा आहे. एरंडेल, खोबरेल, मोहरी काहीही लावा, कातडी मऊ होईल, बरं वाटेल, तेवढंच. मेणाचा शेक पण तसाच, आणि हात बधिर असेल तर तो शेक घेऊच नका, भाजतं. नुसतं हात उघडणं-मिटणं, बोटं हलती ठेवणं ह्याला अर्थातच कुणाची ना नाही.

ब्लेडने किंवा सुईने घरी काही करायचं नाही. हे लिहावं लागतंय ह्याचंच वाईट वाटतं, पण दोरीच्या अगदी शेजारून बोटाची नस आणि रक्तवाहिनी जाते, कधीकधी दोरी त्या नसेला आपल्याभोवती पिळा देऊन भलत्याच जागी आणून ठेवते, सर्जनसुद्धा तिथे जपून जातात.

रोजचं कसं जमवायचं

पहिली गोष्ट अंगठी. अनामिकेत पोवळं, माणिक, लग्नाची, जे काय असेल ते आत्ताच काढा, बोट अजून थोडं सरळ आहे तोवर. नंतर ती पेऱ्यावरून निघत नाही आणि सुजलं तर सोनाराकडे कापायला जावं लागतं. रत्न घालायचंच असेल तर लॉकेटमध्ये घाला, ज्योतिषांना विचारलं तर ते पण परवानगी देतात.

तोंड धुताना बोट थेट डोळ्यात जातं, सगळ्यांनाच, ही ह्या आजाराची अगदी ओळखीची तक्रार आहे. ओला नॅपकिन वापरा, किंवा त्या हाताने पाणी घ्या आणि चेहरा दुसऱ्याने चोळा. पँटच्या खिशात हात घातला की बोट शिवणीत अडकतं, सुट्टे पैसे आणि किल्ल्या दुसऱ्या बाजूला किंवा शर्टाच्या खिशात. शर्टाची बाही घालताना आधी वाकडा हात घालायचा, मग चांगला.

भाकरी थापायला तळवा सपाट लागतो आणि तो आता नाही. प्लॅस्टिकचा कागद घालून पुरीप्रेसमध्ये किंवा वाटीच्या बुडाने दाबून भाकरी होते, कडा थोड्या फाटतात, खाणारे खातात. कणीक मळायला अडचण येत नाही कारण ती मुठीनेच मळतात. लाटणं, झारा, खुरपं, दाढीचा रेझर, ज्याची मूठ बारीक आहे त्यावर एसीच्या पाइपला लावतात ती काळी फोमची नळी चढवा, एसीच्या स्पेअरपार्टच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळते, कात्रीने उभी चीर दिली की बसते. स्वस्तात ह्याच्याइतका उपयोगी जुगाड मला दुसरा सापडलेला नाही.

गाडीवर ब्रेक आणि क्लचचे लिव्हर मेकॅनिककडून हँडलच्या जवळ घ्या, हात कमी उघडावा लागतो. बसचा किंवा लोकलचा वरचा दांडा किंवा कडी वाकड्या बोटाने पकडू नका, पकडणं सोपं आहे पण गर्दीत उतरताना बोट कडीत अडकून राहतं आणि माणूस पुढे गेलेला असतो. उभा खांब धरा, आणि चांगल्या हाताने. थंडीतले किंवा गाडीचे हातमोजे त्या बोटापाशी कापून घ्या, आख्खा मोजा घालायच्या नादी लागू नका. कीबोर्डवर वाकडं बोट भलतीच कळ दाबून ठेवतं, मी आता त्या हाताची फक्त तीन बोटं वापरतो, आणि हे सगळं तसंच टाइप केलंय, म्हणून चुका दिसल्या तर गोड मानून घ्या.

टाळी नीट वाजत नाही, तबल्यावर पंजाचा बोल दबका येतो, भजनाला टाळ धरता येतात. हात मिळवायला समोरच्याने हात पुढे केला की त्याच्या तळव्याला आपलं बोट टोचतं आणि तो दचकतो, मी सरळ नमस्कार करतो. तो पण वाकडाच होतो, पण देवाला आणि पाहुण्यांना चालतो.

बोट खूपच आत गेलेलं असेल, विशेषतः घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं, तर ऑपरेशनपेक्षा आधी स्वच्छता बघा. नख तळव्यात रुततं, घाम साचतो, वास येतो, बुरशी होते, शुगर असेल तर तिथेच जखम चिघळते. नख दर आठवड्याला कापा आणि कडा घासा, आंघोळीनंतर बोटाखालचा भाग पातळ सुती कापडाने पुसून अगदी कोरडा करा, आणि मध्ये गॉजची बारीक गुंडाळी ठेवा, रोज बदला. हे काम करायला माणूस पाहिजे, सुनेवर किंवा मुलीवर सोडून देण्यापेक्षा मुलांनीही शिकून घ्यावं.

इलाज काय काय आहेत

नुसती गाठ आहे आणि दुखत नाही, तर काहीच करायचं नाही. हे ऐकून माणूस नाराज होतो, फी देऊन आलोय आणि डॉक्टर म्हणतात सहा महिन्यांनी या, पण तेच बरोबर आहे. गाठ सुरुवातीला दुखते कधीकधी, बहुतेक आपोआप थांबतं, नाही थांबलं तर गाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. जर्मनीत अगदी सुरुवातीच्या गाठींवर कमी डोसचं रेडिएशन देतात, बोट वाकायच्या आधीच, वाकल्यावर त्याचा फायदा नाही. ऑक्सफर्डला प्रा. जगदीप नांचहाल ह्यांच्या टीमने आमवातात वापरतात ते अडालिमुमॅब थेट गाठीत टोचून बघितलं, २०२२ मध्ये निकाल आला, गाठ मऊ आणि लहान होते असं दिसलं, पण बोट वाकायचं थांबतं का हे त्यातून सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे कुणी हे इंजेक्शन आपल्याकडे विकायला लागला तर दोन प्रश्न जास्त विचारा.

बोट वाकलं की मुख्य मार्ग दोन. एक सुईचा. जागा बधिर करून सर्जन कातडीतूनच सुईच्या टोकाने दोरी ठिकठिकाणी कमजोर करतात आणि बोट सरळ करताना ती तुटते, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी, थोड्या दिवसांत हात कामाला. वय जास्त आहे, हार्टचा त्रास आहे, दोरी तळव्यात ठळक आहे, मुळाचा सांधा वाकलाय, अशांना हे चांगलं. पण दोरी आतच राहते, त्यामुळे परत येतं. हॉलंडमध्ये सुई आणि ऑपरेशन ह्यांची तुलना केली होती, २०१२ मध्ये छापून आली, पाच वर्षांत सुईवाल्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांना परत झालं आणि ऑपरेशनवाल्यांपैकी सुमारे २१ टक्क्यांना. असं असूनही बरेच लोक सुईच निवडतात, कारण परत आलं तर परत सुई, आणि मला ते चुकीचं वाटत नाही.

दुसरं ऑपरेशन, तळव्यावर आणि बोटावर नागमोडी चीर देऊन आजारी पडदा काढून टाकतात. नागमोडी एवढ्यासाठी की सरळ व्रण भरताना स्वतःच आखडला असता. वारंवार परत येणाऱ्यांत वरची कातडी पण काढून दुसरीकडची लावतात. बधिरपणा राहणं, इन्फेक्शन, हात कडक होणं हे धोके खरे आहेत, आणि मधला सांधा शंभर टक्के सरळ होईल असं कुणी म्हणालं तर दुसरं मत घ्या.

इंटरनेटवर अजून एक इंजेक्शन दिसेल, कोलॅजिनेज. दोरीत टोचलं की ती विरघळून कमजोर होते आणि एक-दोन दिवसांनी डॉक्टर बोट ओढून तोडतात. अमेरिकेत २०१० मध्ये परवानगी मिळाली, युरोपातही आलं होतं पण नंतर कंपनीने तिथल्या बाजारातून काढून घेतलं. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाकडून मागवू वगैरे विचार करू नका, ते टोचायला शिकलेला हात लागतो.

सर्जन कसा शोधायचा, तर हाताचं काम करणारा, मग तो ऑर्थोपेडिकमधून आलेला असो की प्लास्टिक सर्जरीतून. सरकारी मेडिकल कॉलेजच्या प्लास्टिक सर्जरी विभागात पण हे होतं, खर्चाने घाबरून घरी बसू नका. विचारायचे प्रश्न: वर्षाला अशा किती केसेस करता, माझ्या कुठल्या सांध्याला किती फरक पडेल, नसेला धोका किती, आणि नंतर हाताची फिजिओथेरपी कोण करणार. शेवटच्या प्रश्नाला गोलमाल उत्तर आलं तर मी तिथून उठलो असतो, कारण अर्धं काम तिथेच असतं. मेडिक्लेममध्ये डे-केअर बसतं का ते आधीच विचारून ठेवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांगा, पण स्वतःहून थांबवू नका.

ऑपरेशननंतर

पहिले काही दिवस हात छातीच्या वर. झोपताना उशीवर, बसताना सोफ्याच्या पाठीवर, चालताना दुसऱ्या खांद्यावर टेकवून. सूज हाच मोठा शत्रू, सूज राहिली की बोटं कडक होतात आणि मग सरळ झालेलं बोट मिटत नाही, हे पहिल्यापेक्षा वाईट. थेरपिस्ट सांगतील तसं लवकरच बोटं हलवायला लागायचं, दुखतं, तरी. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात, धुणी-भांडी, बादली, टू-व्हीलर ह्याला त्यापुढेही काही आठवडे द्यावे लागतात. जखम पूर्ण बंद झाल्यावर व्रणावर साधं तेल लावून मालिश करायचं, मालिशची हौस इथे भागवून घ्या. रात्रीची पट्टी सगळ्यांनाच लागते असं नाही, इंग्लंडमध्ये ह्यावर अभ्यास झाला, २०११ मध्ये आला, सरसकट पट्टी घातल्याने फरक पडला नाही. थेरपिस्टला बोट परत वळताना दिसलं तर ते देतील, तेव्हा घाला. बोट पांढरं-निळं पडलं, ठणका सहन होईना, ताप आला किंवा पट्टीला वास यायला लागला तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.

आणि परत येऊ शकतं, त्याच बोटात किंवा शेजारच्या, म्हणून फोटो आणि कोनमापक चालूच. भावांना, मुलांना त्यांचे तळवे बघायला सांगा, विशेषतः सिगरेट ओढणाऱ्यांना. बोटांच्या पेरांवर मागच्या बाजूला जाडसर गाद्या आल्या असतील तर त्या पण ह्याच घराण्यातल्या, त्यांना काही करावं लागत नाही. पुरुषांच्या लिंगाला ताठरपणात वाक आला असेल तर तो पण ह्याच जातीचा आजार असू शकतो, लाजत बसण्यापेक्षा युरोलॉजिस्टला दाखवा. तळपायाच्या कमानीत गाठ लागली तर तीही अशीच असते, तिथे पायाची बोटं सहसा वळत नाहीत, चालताना टोचतं एवढंच. ती कापायची घाई करू नका, कापल्यावर बऱ्याचदा परत येते आणि व्रणावर चालावं लागतं. त्याऐवजी चपलेत मऊ सोल घाला आणि गाठीच्या जागी सोलमध्ये गोल खळगा करून घ्या, चांभाराला बोट ठेवून दाखवलं की तो बरोबर करून देतो.